बारका ट्रम्पेट घेताना

मागच्या उन्हाळ्यात पी.एल. चालू असताना होस्टेलच्या गच्चीवरून रोज संध्याकाळी जो आवाज यायचा, तो मेसच्या कुकरचा नव्हता आणि कोणी मोराला छळतही नव्हतं. तो मी होतो. ज्यांचे त्या दिवसांत एम-थ्रीचे बॅकलॉग होते त्यांनी मला जे जे ऐकवलं ते मासिकात छापण्यासारखं नाही. पण शिव्या देऊन झाल्या की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, "हे खेळणं घेतलं कितीला?" संपादक मंडळातल्या मित्राने शेवटी सांगितलं की एकदाचं लिहूनच टाक. म्हणून हा लेख.

त्या खेळण्याचं नाव पिकोलो ट्रम्पेट. लग्नातल्या बँडमध्ये आपण जो ट्रम्पेट बघतो त्याचा हा धाकटा भाऊ. बँडवाल्याचा नेहमीचा ट्रम्पेट बी-फ्लॅटचा, म्हणजे पेटीच्या भाषेत काळी पाचचा. त्याची सगळी वळणं उलगडून नळी सरळ केली तर ती साधारण १४८ सेंटिमीटर भरते. पिकोलोची त्याच्या बरोबर निम्मी, ७४ सेंटिमीटर. नळी निम्मी म्हणजे आवाज एक सप्तक वर, एवढं अकरावीच्या फिजिक्समध्ये सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. मीही केलं होतं. पाठ करणं आणि समजणं यात साडेनऊ हजारांचा फरक असतो हे मला नंतर कळलं.

मी या भानगडीत पडलो तो मामामुळे. माझे मामा धुळ्याचे. पंचवीस वर्षं झाली, लगीनसराईत बँडमध्ये पहिला ट्रम्पेट वाजवतात. बाकीच्या महिन्यांत वेल्डिंगचं काम. खानदेशात बँडची सुपारी द्यायची म्हणजे लोक ट्रम्पेट कोण वाजवतो ते आधी विचारतात, कारण गाण्याची चाल तोच धरतो. क्लारनेट गोड असतं, पण ढोल, साइड ड्रम आणि नाचणारी पोरं यांच्या गलक्यातून पार शेवटच्या माणसापर्यंत पोचतो तो ट्रम्पेटच. त्यात गायिकेची चाल आली की वरच्या सप्तकात जावं लागतं, आणि वरात तीन-तीन तास चालते.

दोन वर्षांपूर्वी एका वरातीत नाचणाऱ्या पोराचा धक्का ट्रम्पेटच्या भोंग्याला बसला. माउथपीस ओठांवर टेकलेला होता. समोरचा वरचा दात अर्धा तुटला आणि ओठ आतून फाटला. दात बसवून घेतला, ओठही भरून आला, पण वरचे स्वर गेले. लागायचे तेव्हा लागायचे, नाहीतर नुसती हवा. पहिल्या ट्रम्पेटवाल्याचे वरचे स्वर गेले तर बँड त्याला दुसऱ्यावर टाकतो आणि दिवसाचे पैसे कमी होतात. मामा काही बोलले नाहीत. मामीने मला सांगितलं.

त्याच सुमारास माझ्या रूममेटने त्याच्या लॅपटॉपवर मला बाखचं दुसरं ब्रँडनबर्ग कॉन्चेर्टो ऐकवलं. रूममेट वसईचा. त्यांच्या गावागावांत लग्नाला आणि चर्चच्या सणाला ब्रास बँड असतो, त्यामुळे आमचं या विषयावर पहिल्या दिवसापासून जमलं. मी ऐकतच राहिलो. ट्रम्पेट इतका वर, इतका हलका, व्हायोलिन आणि बासरीच्या मांडीला मांडी लावून वाजतो, हे मला माहीतच नव्हतं. व्हिडिओत बघितलं तर वाजवणाऱ्याच्या हातात वीत-दीड वीतभर लांबीचं वाद्य. मी दुसऱ्या दिवशी मामाला फोनवर सांगितलं. मामा अहिराणीत म्हणाले, "बारकं शे तं याले जोर कमीच लागी, नई का?"

मी म्हटलं, हो. मेकॅनिकलचा विद्यार्थी ना मी.

आता खरं काय ते सांगतो. क्लारनेटला काडी असते. ट्रम्पेटला ओठ हीच काडी. ११७५ हर्ट्झचा स्वर काढायचा तर ओठ सेकंदाला ११७५ वेळा उघडमिट झालेच पाहिजेत, मग पुढे नळी दीड मीटरची असो की पाऊण मीटरची. ओठांचा ताण तेवढाच लागतो. उलट बारक्या ट्रम्पेटमध्ये हवा कमी आत जाते, तोंडाशी दाब जास्त साठतो, आणि सवय नसलेल्याचा जीव कोंडतो. मामांच्या ओठाला या वाद्याने काडीचाही आराम मिळणार नव्हता.

मग लोक बारका ट्रम्पेट घेतात कशाला? जोर कमी लागतो म्हणून नाही, नेम चुकत नाही म्हणून. ते समजायला बिगूल आठवा. एनसीसीच्या परेडला बिगूल वाजतो त्यात बटणं नसतात, तरी चार-पाच स्वर निघतात. नळी एका मूळ कंपनाच्या पटीतले स्वर देते: दुप्पट, तिप्पट, चौपट, असे. ही शिडी समजा. खालच्या पायऱ्या लांब लांब, म्हणून बिगुलात 'सा ग प' एवढंच मिळतं. पण आठव्या पायरीच्या वर गेलात की कानाला पायऱ्या जवळजवळ येतात आणि जवळपास सरगम तयार होते.

बरोक काळात, म्हणजे ढोबळमानाने १६०० ते १७५०, ट्रम्पेटला व्हॉल्व्ह नव्हतेच. व्हॉल्व्हचं पेटंट १८१८ सालचं, श्टोल्झेल आणि ब्ल्युमेल या दोघांच्या नावावर. त्याआधीचा ट्रम्पेट म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपासची नुसती नळी, बहुधा डी म्हणजे पांढरी दोनची. ती वाजवणारे उस्ताद आठव्या ते सोळाव्या पायरीवर राहायचे, कारण चाल वाजवण्याइतके स्वर तिथेच होते. त्यातही अकरावी पायरी बेसूर असते, शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध कुठेतरी, आणि ती ओठांनी ओढून सुरात आणावी लागते. लाइपझिगला बाखसाठी वाजवणारा गॉटफ्रीड राइखे असा होता. त्याचं तैलचित्र आहे, हातात वेटोळं केलेला ट्रम्पेट घेतलेलं. १७३४ च्या ऑक्टोबरमध्ये राजाच्या स्वागताचा कार्यक्रम वाजवला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. ही विद्या पुढे बुडाली. व्हॉल्व्ह आल्यावर खालच्या पट्टीतही सगळे स्वर मिळू लागले, मग वरच्या शिडीवर जीव धोक्यात घालणार कोण?

आता आकडे बघा. वरचा पांढरी दोनचा स्वर, ११७५ हर्ट्झ, जुन्या डी ट्रम्पेटवर सोळावी पायरी. शेजारच्या पायऱ्या ७३ हर्ट्झ अंतरावर. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटवर तोच स्वर दहावी पायरी, शेजारी ११६ हर्ट्झवर. पिकोलोवर तो पाचवी पायरी, शेजारी २३३ हर्ट्झवर. ओठ जरा चुकले तर मोठ्या ट्रम्पेटवर तुम्ही शेजारच्या स्वरावर जाऊन आपटता, पिकोलोवर त्याच स्वरावर टिकता. एवढाच फायदा, पण भर मैफलीत तो फार मोठा असतो. विसाव्या शतकात बाखचं ट्रम्पेटचं संगीत पुन्हा सगळीकडे वाजू लागलं त्यात या वाद्याचा मोठा हात आहे, आणि त्यातही मॉरिस आंद्रे या फ्रेंच वादकाचा. खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही पोरवयात कोळशाच्या खाणीत काम केलेला. २०१२ साली वारला. बीटल्सच्या 'पेनी लेन' मध्ये मधेच जे चिमुकलं तुतारीसारखं वाजतं तेही हेच. डेव्हिड मेसनला टीव्हीवर ब्रँडनबर्ग वाजवताना पॉल मॅकार्टनीने पाहिलं आणि १९६७ च्या जानेवारीत स्टुडिओत बोलावून घेतलं.

हे सगळं मला वाद्य विकत घेण्याआधी कळायला हवं होतं. झालं असं की माझे स्कॉलरशिपचे सहा हजार आणि मामांचे साडेतीन असे मिळून साडेनऊ हजारांत एका दुकानातून नवा कोरा, चकचकीत, तीन व्हॉल्व्हचा पिकोलो आला. दुकानाचं नाव नको. बँडची पितळी वाद्यं आपल्याकडे बहुतेक मेरठहून येतात. तिथल्या जली कोठी भागात हा धंदा पिढ्यानपिढ्या चालतो आणि नादिर अली कंपनी तर १८८५ पासूनची. मामांचा मोठा ट्रम्पेट मेरठचाच आहे आणि पंधरा वर्षं उन्हातान्हात टिकला आहे. तेव्हा गावाला नावं ठेवायचं कारण नाही. चूक माझी होती, की मी चकाकी बघून घेतला, फुंकून बघितला नाही.

मामांनी फुंकला. खालचा सा बरा लागला. वरचा सा लावला तर तो खाली बसलेला. मोबाईलवर ट्यूनरचं ॲप लावून मोजलं: खालचा जुळवला की वरचा ३५ सेंट खाली. (सेंट म्हणजे एका अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग.) मामांनी वाद्य फडक्यात गुंडाळलं आणि माझ्याकडे दिलं. "ऱ्हाऊ दे भाचा, तू शिक यानावर." एवढंच. साडेतीन हजारांचा विषय त्यांनी आजवर काढलेला नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

बारक्या ट्रम्पेटमध्ये असं का होतं, ते कळायला मला एक सेमिस्टर लागलं.

पहिली गोष्ट म्हणजे चुकीची किंमत दुप्पट होते. नळी एक सेंटिमीटरने लांब झाली तर मोठ्या ट्रम्पेटचा स्वर सुमारे १२ सेंट उतरतो, पिकोलोचा २३. म्हणजे कारागिराचा हात दोन्हीकडे तेवढाच हलला तरी पिकोलोत ती चूक दुप्पट ऐकू येते. आपल्या भाषेत, टॉलरन्स निम्मा हवा. तो सांभाळायला वेळ आणि यंत्रं लागतात, म्हणून यामाहा, शिल्के, सेल्मर यांचे नवे पिकोलो लाखांच्या घरात जातात. वाद्य निम्मं म्हणून किंमत निम्मी, असं इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट आकाराची, आणि ही मला सगळ्यात मजेची वाटते. एका बाजूने बंद असलेली सरळ नळी फक्त विषम पट देते: एक, तीन, पाच. (ओठांची बाजू बंद धरायची.) मग ट्रम्पेट दोन, तीन, चार, पाच असे सगळे पट देतो कसा? भोंग्याची पसरट वाढ, माउथपीसची वाटी आणि तिच्यापुढची निमुळती नळी, हे तिन्ही मिळून त्या विषम पायऱ्या सरकवून जवळपास समान अंतरावर आणतात. शेकडो वर्षं कारागिरांनी ठोकून, कापून, ऐकून ते जमवलं आहे. आता नळी निम्मी केली, पण तिचा व्यास निम्मा होत नाही आणि माउथपीस तर तुमच्या ओठांच्या मापाचाच राहतो. जमवलेला हिशेब बिघडतो आणि नव्याने जमवावा लागतो. ज्याने मोठ्या ट्रम्पेटवरून नुसती नळी कापून बारका केला, त्याच्या वाद्यात खालचा आणि वरचा सा एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या त्या वाद्यात नेमकं हेच होतं, आणि मी त्यात भर घातली होती मामांचा खोल वाटीचा माउथपीस लावून. वाटी खोल असली की वरचे स्वर आणखी उतरतात. पिकोलोला उथळ वाटी लागते. कडा मात्र सवयीच्याच मापाची ठेवावी, नाहीतर ओठ गोंधळतात. शिवाय माउथपीसचा दांडा कुठला बसतो ते विचारून घ्या: पुष्कळ पिकोलोंना कॉर्नेटचा बारीक दांडा लागतो, ट्रम्पेटचा जात नाही. कागद गुंडाळून बसवण्याचा प्रयोग मी केलेला आहे. करू नका.

तिसरी गोष्ट चौथ्या व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह दाबला की नळीत जादा तुकडा जोडला जातो. बी-फ्लॅट पिकोलोत दुसरा व्हॉल्व्ह सुमारे ४.४ सेंमी जोडतो आणि अर्धा स्वर उतरवतो, पहिला ९.१ सेंमी आणि पूर्ण स्वर, तिसरा १४ सेंमी आणि दीड स्वर. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले तर २३.१ सेंमी मिळतात, पण अडीच स्वर उतरायला लागतात २४.८. पावणेदोन सेंमी कमी, म्हणजे ३० सेंट चढं. चौथा व्हॉल्व्ह एकटाच ते २४.८ सेंमी देतो, एका बोटात सूर बरोबर.

पण त्याचं खरं काम वेगळंच आहे. बरोक संगीतात डी ट्रम्पेटची चौथी पायरी, म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी दोन, सारखी लागते. पिकोलोचा खालचा भरवशाचा स्वर काळी पाच. तिथून तीन व्हॉल्व्ह दाबून जास्तीत जास्त सहा अर्धे स्वर उतरता येतं. पांढरी दोन आठ अर्धे स्वर खाली आहे. म्हणजे तीन व्हॉल्व्हच्या वाद्यात तो स्वरच नाही! चौथा आणि तिसरा मिळून पाच अधिक तीन, आठ, झाला. बरोकसाठी घ्यायचा असेल तर चार व्हॉल्व्हचाच घ्या, यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. तीनचा घेऊन मी बसलोच आहे.

माझी दुसरी खरेदी सहा महिन्यांनी झाली. रूममेटच्या ओळखीने वसईतल्या एका निवृत्त वादकाकडचा जुना, चार व्हॉल्व्हचा पिकोलो, अडतीस हजारांना, दोन हप्त्यांत. इंटर्नशिपचा स्टायपेंड सगळा त्यात गेला आणि घरी मी लॅपटॉप दुरुस्तीचं कारण सांगितलं. (आई हे मासिक वाचत नाही.) या वेळी मात्र घाई केली नाही. रविवारची अख्खी दुपार त्या आजोबांच्या ओटीवर बसून वाद्य तपासलं आणि त्यांनीच मला तपासायला शिकवलं.

आधी फुंकून अर्धा तास ओठ गरम करायचे, आपल्या स्वतःच्या माउथपीसवर. थंड ओठांनी चांगलं वाद्यही वाईट वाटतं. मग कुठलाही व्हॉल्व्ह न दाबता खालचा, मधला आणि वरचा सा लावायचा, ट्यूनर दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण बघायचं नाही. बघितलं की ओठ आपोआप दुरुस्ती करतात आणि वाद्याचा दोष झाकला जातो. पाच-दहा सेंट इकडेतिकडे सगळीकडेच असतं, ते ओठ सांभाळतात. मग दोनच बोटांच्या जोड्या तपासायच्या, पहिलं-दुसरं आणि पहिलं-तिसरं, आणि नंतर चौथ्याने तोच स्वर. मग व्हॉल्व्ह न दाबता त्याची सरक नळी झटकन ओढायची. आत दाब नीट राहत असेल तर बाटलीचं बूच उडाल्यासारखा 'पॉप' येतो. नुसतं फुस्स झालं तर व्हॉल्व्ह झिजलाय, आणि ते काम आपल्याकडे सहज होत नाही. शेवटी मित्राला वाद्य वाजवायला देऊन आपण पंधरा-वीस फुटांवर उभं राहायचं. वाजवणाऱ्याला भोंग्यामागून जे ऐकू येतं आणि लोकांना समोरून जे ऐकू येतं ते वेगळं असतं.

जुन्या वाद्याला माउथपीसजवळच्या सांध्यात बारीक गळती होती. ती मी सायकलचं पंक्चर काढतात तशी शोधली, बादलीत पाणी घेऊन. बुडबुडा आला. दुरुस्तीला मुंबईला पाठवण्यापेक्षा मामा मला सोनगीरला घेऊन गेले. धुळ्यापासून जवळच, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेलं गाव. तिथल्या एका म्हाताऱ्या तांबटाने वाद्य हातात फिरवून फिरवून बघितलं, "हाई काय शे?" असं तीनदा विचारलं, आणि बाकीच्या सांध्यांवर ओलं फडकं गुंडाळून नेमक्या जागी डाग दिला. बाकीचे सांधे उष्णतेने सुटू नयेत म्हणून ते फडकं. वेल्डिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये हीट सिंक म्हणून शिकलो होतो, प्रत्यक्ष तिथे बघितलं. पैसे घेतले नाहीत, एक चाल वाजवून दाखव म्हणाला.

पट्टीबद्दल थोडं. चांगल्या पिकोलोबरोबर दोन तोंडनळ्या येतात, एक आखूड, एक थोडी लांब. आखूड लावली की वाद्य काळी पाचचं, लांब लावली की पांढरी सहाचं, म्हणजे ए चं. बरोकमधलं ट्रम्पेटचं संगीत बरंचसं डी मेजरमध्ये आहे. काळी पाचच्या नळीवर ते चार शार्पच्या पट्टीत वाचावं लागतं, पांढरी सहावर एकाच फ्लॅटच्या. बोटं किती सुटसुटीत होतात ते वाजवणाऱ्यालाच विचारा. म्हणून जुनं वाद्य घेताना दोन्ही नळ्या जागेवर आहेत ना, ते पेटी उघडून बघा. एक नळी हरवलेली वाद्यं स्वस्तात फिरत असतात आणि ती हरवलेली नेमकी पांढरी सहाचीच असते.

अजून एक, हे खास आपल्या भागासाठी. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि स्वर चढतो, अंशाला साधारण तीन सेंट. २० अंशांवर जुळवलेलं वाद्य ४५ अंशांत, सूत्राप्रमाणे, पाऊण अर्ध्या-स्वराइतकं चढायला हवं. प्रत्यक्षात श्वासाने नळी आधीच गरम असते म्हणून तेवढं चढत नाही, पण जळगावच्या मे महिन्यात वरातीतला कॅसिओ आणि ट्रम्पेट भांडताना ऐकलेत ना, ते यामुळे. कॅसिओला ऊन लागत नाही. (पितळ प्रसरण पावून नळी लांबते त्याचं काय, असं विचारणाऱ्या हुशारांसाठी: करून बघितलं, तो फरक एका सेंटच्या आत आहे.) तेव्हा उन्हाळ्यात नळी बाहेर ओढायला जागा उरते का, हेही घेताना बघावं.

आणि एक आगाऊ सल्ला. सगळ्यांनाच पिकोलो लागतो असं नाही. हँडेलच्या 'मसीहा' मध्ये, जो १७४२ साली डब्लिनला पहिल्यांदा झाला, ट्रम्पेटचं जे प्रसिद्ध गाणं आहे त्याचा सगळ्यात वरचा स्वर ८८० हर्ट्झ. तयारीचा वादक ते मोठ्या ट्रम्पेटवरही वाजवतो. ब्रँडनबर्ग दीड हजार हर्ट्झच्या वर जातं, तिथे मात्र पिकोलोला इलाज नाही. तुमच्या यादीतला वरचा स्वर आधी बघा, मग पाकीट काढा. मुंबईत धोबी तलावच्या बाजूला फुर्टाडोजसारखी जुनी वाद्यांची दुकानं आहेत. निदान हात लावून तरी या.

मामांचं काय झालं ते राहिलं. गेल्या डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न धुळ्याला झालं. बँड अर्थातच मामांचा. नवरी मांडवात येताना मी जेरेमाया क्लार्कचा मार्च वाजवायचं ठरवलं. १९८१ साली लंडनला चार्ल्स-डायनाच्या लग्नात नवरी आत येताना हाच वाजला होता, तेव्हा लग्नाला चालतो याची खात्री होती. साइड ड्रमवाल्याला ठेका दोन दिवसांत जमला. संध्याकाळी थंडी अशी पडली की वाद्य उतरलं आणि तोंडनळी पार आत ढकलूनही कॅसिओच्या खालीच राहिलं. शेवटी कॅसिओ बंद केला.

वरची चाल मी धरली. खालचा भाग मामांनी त्यांच्या मेरठच्या ट्रम्पेटवर वाजवला, ओठाला झेपेल त्या पट्टीत, आणि त्या पट्टीत त्यांचा आवाज अजून तसाच भरदार आहे. माझा एक स्वर फुटला, दुसऱ्या ओळीत. पाहुण्यांपैकी एका आजीने मामांना विचारलं, हे कोणतं गाणं. मामा म्हणाले, "विलायतनं शे." मग वरात निघाली आणि त्यांनी नेहमीची गाणी सुरू केली. या सीझनपासून ते बँडमध्ये दुसरा ट्रम्पेट वाजवतात आणि पहिल्यावर बसवलेल्या पोराला शिकवतात. त्याचे वेगळे पैसे मालकाने कबूल केले आहेत, अजून दिलेले नाहीत.

गच्चीवर रियाज सध्या सहा ते सात, रेक्टर सरांच्या परवानगीने. तीन व्हॉल्व्हवालाही रूमवर खिळ्याला टांगलेला आहे. कोणाला शिकायचं असेल, फुंकून बघायचं असेल, तर खुशाल या. माउथपीस आपापला आणा.